पाईपच्या चरातच पावसाचं पाणी जिरवता येईल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. इमारतींभोवती सांडपाण्याचे, पिण्याच्या पाण्याचे आणि केबलचे चर खोदले जाणार आहेत. माती-तपासणीच्या अहवालात एका पानावर लिहिलंय की चरातला भराव थराथराने टाकून ९५ टक्के घनतेपर्यंत दाबा आणि ठरावीक ठिकाणी चिकणमातीचे अडथळे घाला. पुढच्याच पानावर लिहिलंय की छताचं आणि रस्त्याचं पाणी शक्य तितकं आवारातच जिरवा. कंत्राटदार म्हणतो, "खोदलेली माती परत टाकू, वरून पाणी सोडू, आपोआप बसेल. नाहीतर सगळे चर खडीने भरू, दबाईचा त्रास वाचेल आणि पाणीही तिथेच जिरेल." अहवालातली ही दोन पानं एकमेकांच्या विरोधात आहेत का, आणि कंत्राटदाराची युक्ती चालेल का, एवढं तुम्हाला हवंय.

दोन्ही पानं बरोबर आहेत, फक्त त्यांना जोडणारं वाक्य लिहायचं राहून गेलंय. चर आपण पाईपसाठी खोदतो, पण पाण्याच्या दृष्टीने ती आवारभर पसरलेली, उताराने जाणारी आणि थेट इमारतीच्या पायापर्यंत पोचणारी वाट असते. वर्षानुवर्षं बसलेल्या जमिनीत आपण एक फट पाडतो आणि ती सैल मालाने भरतो. पाणी ती फट शोधून काढतंच. त्यामुळे भराव कसा करायचा हे ठरवताना पाण्याला कुठे जाऊ द्यायचं आणि कुठे अडवायचं हे आधीच ठरलेलं लागतं.

तुमची माती मी पाहिलेली नाही, म्हणून खालचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे हे धरून वाचा. स्वच्छ वाळू असेल तर निम्म्या अडचणी येणारच नाहीत. फुगणारी काळी चिकणमाती असेल तर पाणी जिरवण्याचा विचारच बहुधा सोडावा लागेल. मुरूम आणि त्याखाली कातळ असेल तर वरून टाकलेलं पाणी खाली न जाता कातळावरून आडवं पळेल. चरावर रस्ता येणार की झाडं, यानेही उत्तर बदलतं.

आधी भराव. "९५ टक्के" वाचलं की मी पहिल्यांदा विचारतो, कशाचे? लॉस एंजेलिसमध्ये मातीच्या धरणांवर काम करणाऱ्या राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की ठरावीक ऊर्जेने माती कुटली तर एका विशिष्ट ओलाव्याला तिची घनता सर्वाधिक भरते. आपली टक्केवारी त्या सर्वाधिक घनतेशी तोललेली असते. पण चाचण्या दोन आहेत. स्टँडर्ड प्रॉक्टरमध्ये सुमारे अडीच किलोचा ठोकळा ३० सेंटिमीटरवरून पडतो, मॉडिफाइडमध्ये साडेचार किलोचा ४५ सेंटिमीटरवरून, आणि तोही जास्त थरांवर. मॉडिफाइडमध्ये मातीला सुमारे साडेचारपट ऊर्जा मिळते. चिकण मातीत स्टँडर्डचे ९५ टक्के म्हणजे मॉडिफाइडचे ९० च्या आसपासच असू शकतात. अहवालात चाचणीचं नाव नसेल तर कंत्राटदार हलकी धरणार आणि सल्लागाराच्या मनात जड असणार. हा वाद मी इतक्या वेळा पाहिलाय की अहवाल हातात आला की आधी तेच शोधतो.

९५ हा आकडा फाजील आहे का? रस्ता, फरसबंदी किंवा पायऱ्या येणार असतील तिथे नाही. बागेखाली ९० पुरेसे होतात, कधी त्याहून कमीही, कारण तिथे चार बोटं जमीन खचली तर माती ओढून टाकता येते. हिशेब करून बघा. दोन मीटर खोल चर ८५ टक्क्यांवर भरला आणि पुढच्या पावसाळ्यांत तो ९० टक्क्यांपर्यंत बसला, तर उंची ८५ भागिले ९० या प्रमाणात घटते. म्हणजे साडेपाच टक्के, दोन मीटरला ११ सेंटिमीटर. रस्त्यात ११ सेंटिमीटरची पट्टी खचली म्हणजे काय, ते त्यावरून दुचाकी नेणाऱ्याला विचारा.

आता "पाणी सोडू, आपोआप बसेल". हे पूर्ण खोटं नाही, म्हणूनच ते टिकून आहे. स्वच्छ, जाड वाळू असेल आणि पाण्याला तळातून निघून जायला वाट असेल तर पाण्याने वाळू बऱ्यापैकी बसते. चिकणमातीत किंवा पोयट्यात मात्र ढेकळांमधल्या मोठ्या पोकळ्या पाणी पडलं की कोसळतात, वरची माती दिसायला सपाट होते आणि आत मऊ चिखल राहतो, त्याला घनता येत नाही. वर जो ओलावा साठतो तो महिनोन् महिने निघत नाही. कोरडी ढेकळं तशीच दाबून टाकली तर उलट फसवणूक होते. भराव कोरडा असेपर्यंत दगडासारखा टणक वाटतो. पहिला मोठा पाऊस आत शिरला की ढेकळं विरघळतात आणि वर काही वजन नसतानाही जमीन अचानक बसते. चर उन्हाळ्यात भरायचे आणि तक्रारी पावसाळ्यात ऐकायच्या, त्याचं कारण हे.

खोदलेली माती परत वापरायला माझी हरकत नसते. ढेकळं फोडलेली हवीत, त्यात मुळं, कचरा, बांधकामाचा राडारोडा नको, आणि ओलावा बरोबर हवा. जागेवर मी मुठीची परीक्षा करतो. माती मुठीत आवळली तर गोळा धरला पाहिजे, बोटाने दाबल्यावर त्याचे दोन-तीन तुकडे व्हायला हवेत आणि तळहाताला चिखल लागायला नको. भुगा झाला तर पाणी शिंपडा. चिखल लागला तर पसरून वाळवा, कारण फार ओली माती कितीही ठोका, यंत्राखाली रबरासारखी हलत राहते. हाताने चालवायच्या रॅमरने, म्हणजे उड्या मारत माती ठोकणाऱ्या यंत्राने, १५० मिलिमीटरहून जाड सैल थर नीट दबत नाही. मोठं ट्रेंच-रोलर असेल तर थर थोडा जाड चालतो. मीटरभर माती एकदम ओतून वरून रॅमर फिरवला तर वरचं वीतभर दबतं, खाली सगळं पोकळ.

पाईपच्या अगदी जवळचा भाग वेगळा. पाईपखाली बेडिंग, म्हणजे पाईप टेकवायला टाकलेला थर, मग दोन्ही बगला, मग माथ्यावर किमान १५० ते ३०० मिलिमीटर बारीक, दगडगोटे नसलेला माल. सगळ्यात जास्त हयगय बगलांमध्ये होते. पाईपच्या अर्ध्या उंचीखाली जिथे भिंत आत वळते तिथे रॅमर पोचत नाही, फावड्याच्या दांड्याने किंवा सळईने माल खुपसून भरावा लागतो. प्लास्टिकचा लवचीक पाईप स्वतःच्या ताकदीवर फारसा उभा राहत नाही, बगलांतला भराव त्याला धरून ठेवतो. बगला पोकळ राहिल्या की पाईप चपटा होतो. माथ्यावर तीनशे मिलिमीटर होईपर्यंत कंप देणारी हलकी प्लेटच चालवा. जड यंत्र मीटरभर भरावाशिवाय आणू नका. चर गरजेपेक्षा रुंदही करू नका. अरुंद चरात वरच्या मातीचं काही वजन बाजूच्या भिंतींशी होणाऱ्या घर्षणाने पेललं जातं. चर रुंदावत नेला तर ते वजन पाईपवर येतं. अमेरिकी अभियंते अ‍ॅन्सन मार्स्टन यांनी १९१३ च्या सुमाराला मांडलेलं हे गणित आजही वापरात आहे.

भराव किती दबला ते मोजण्याच्या चाचणीबद्दल एवढंच. सँड रिप्लेसमेंट (खड्डा करून तो वाळूने मोजणं) किंवा कोअर कटर (नळी ठोकून मातीचा नमुना काढणं) वापरत असाल तर प्रत्येक थरावर नाही, पण प्रत्येक चरात वेगवेगळ्या खोलींवर घ्या. नुसत्या वरच्या थरावर घेतलेली चाचणी म्हणजे फोटोसाठी केलेली रंगरंगोटी. न्यूक्लिअर गेज, म्हणजे किरणोत्साराने घनता आणि ओलावा मोजणारं यंत्र, असेल तर अरुंद चरात बाजूच्या भिंतींतल्या ओलाव्यामुळे त्याचं ओलाव्याचं वाचन जास्त येतं, म्हणजे कोरडी घनता खोटीच कमी दिसते. त्यासाठी चरातली दुरुस्ती लावावी लागते. ती न लावता चांगला भराव नापास केलेलाही मी पाहिलाय.

आता कंत्राटदाराची दुसरी युक्ती, सगळे चर खडीने भरायची. खडी एकाच मापाची, स्वच्छ असेल तर ती दबाईशिवाय बऱ्यापैकी बसते, हे खरं. तरी एकदा कंपन द्यावंच लागतं. माझा आक्षेप वेगळा आहे. अशा खडीत ३५ ते ४० टक्के पोकळी असते. बाजूची माती बारीक वाळूची किंवा पोयट्याची असेल तर पाण्याबरोबर तिचे कण त्या पोकळ्यांत वाहून जातात आणि वरची जमीन हळूहळू आतून पोखरली जाते. मातीच्या अभियांत्रिकीचे जनक कार्ल टेर्झागी यांनी यासाठी जुना नियम दिलाय: गाळणीच्या मालाचं पंधरा टक्क्यांचं माप, म्हणजे ज्याच्याहून बारीक १५ टक्के माल असतो ते, संरक्षण करायच्या मातीच्या पंच्याऐंशी टक्क्यांच्या मापाच्या चार-पाच पटींहून मोठं असू नये. २० मिलिमीटरची स्वच्छ खडी आणि पोयटा शेजारी ठेवलात तर हा नियम कुठल्या कुठे मोडतो. मध्ये जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) किंवा क्रमाने बारीक होत जाणारा माल घातला तर प्रश्न सुटतो, पण तो चरभर घालायचा खर्च कंत्राटदाराच्या हिशेबात नसतो.

दुसरा धोका मी स्वतः पाहिलाय. एका जागी आवाराच्या वरच्या बाजूला शोषखड्डा केला होता. नीट चाचणी करून, नीट आकाराचा. तिथून सात-आठ मीटरवरून सांडपाण्याचा चर जात होता. पाईपखाली खडीचं बेडिंग होतं आणि उतार थेट इमारतीकडे. दोन पावसाळ्यांनंतर तळघराच्या एका कोपऱ्यात ओल यायला लागली. मालकाने भिंतीला आतून वॉटरप्रूफिंग केलं, पुन्हा केलं. ओल सरकून शेजारच्या कोपऱ्यात गेली. शेवटी आम्ही पाईप आत शिरतो तिथे बाहेरून खोदलं, तेव्हा बेडिंगमधून नळासारखं पाणी येत होतं. शोषखड्ड्यातलं पाणी जमिनीत खाली जाण्याऐवजी आडवं सरकलं, खडीत शिरलं आणि पाईपबरोबर घरी आलं. पाईप फुटलेला नव्हता. चूक कुणा एकाची म्हणता येणार नाही. शोषखड्डा काढणाऱ्याने चर पाहिला नव्हता आणि चर काढणाऱ्याने शोषखड्डा.

अहवालातले चिकणमातीचे अडथळे यासाठी आहेत. अडथळा म्हणजे चराची पूर्ण रुंदी अडवणारी घट्ट मातीची भिंत, पाईपच्या लांबीत साधारण मीटरभर जाड. त्या मीटरभरात पाईपखालची खडी पूर्ण काढायची, नाहीतर पाणी अडथळ्याखालून निघून जातं, आणि जागेवर नेमकी हीच चूक होते. तळात आणि दोन्ही भिंतींत वीतभर खाच घेऊन माती त्यात बसवायची. उंची किमान खडीच्या थराच्या वर, पाणी साठण्याची शक्यता असेल तर आणखी वर. जागा तीन: पाईप इमारतीत शिरण्याआधी, जिरवण्याची जागा ओलांडल्यावर, आणि तीव्र उतारावर ठरावीक अंतराने. चिकणमाती नसेल तर सिमेंटचा पातळ घोळ, म्हणजे स्लरी, चालते, पण तिला एक खोड आहे. ती ओतताना पाईप तरंगतो. बाहेरून ३०० मिलिमीटर व्यासाचा रिकामा पाईप असेल तर दर मीटरला सुमारे १३० किलोचा उचल बसतो. आधी तो खाली बांधून ठेवावा लागतो किंवा स्लरी दोन टप्प्यांत ओतावी लागते. शिवाय कडक स्लरीजवळ पाईपला अचानक टणक आधार मिळतो, म्हणून जोड तिथे जवळ ठेवा. पुढे कधी खोदायचं असेल तर ताकद कमी ठेवा. दोन मेगापास्कलच्या वर गेलात तर उद्या पाईप दुरुस्त करायला ब्रेकर आणावा लागेल.

तर पाईपचा चर पाणी जिरवायला वापरू नका, त्याला पाण्यापासून तोडा. पाणी जिरवायला स्वतंत्र जागा ठेवा. ती जागा कशी ठरवायची, त्यासाठी चाचणी लागते, आणि इथे फसगत फार सोपी आहे.

बहुतेक जण हाताच्या ऑगरने, म्हणजे माती कोरणाऱ्या गिरमिटाने, १५० मिलिमीटर व्यासाचं भोक पाडतात, ३०० मिलिमीटर पाणी भरतात आणि तासाला पाणी किती उतरलं ते मोजतात. समजा ९० मिलिमीटर उतरलं. हा आकडा तसाच वापरला की शोषखड्डा नऊपट लहान होतो. कारण पाणी फक्त तळातून जात नाही. भोकाच्या बाजूचं क्षेत्रफळ तळाच्या आठपट आहे. तळ आणि बाजू मिळून नऊ भाग, त्यातला तळाचा एक. खरा जिरण्याचा वेग ताशी १० मिलिमीटर. आता मीटरभर खोल खडीचा खड्डा घ्या, पोकळी ४० टक्के धरा, म्हणजे त्यात ४०० मिलिमीटर पाणी मावतं. ताशी १० ने ते ४० तासांत जाईल. पण पुढे गाळ बसणार, म्हणून मी किमान दोनाचा सुरक्षा गुणक घेतो. मग ८० तास. पुढचा पाऊस त्याआधी येऊ शकतो, आणि फार दिवस साचलेल्या पाण्यात डास होतात. बहुतेक ठिकाणी ४८ ते ७२ तासांत खड्डा रिकामा व्हावा अशी अपेक्षा असते. म्हणजे ताशी १० चा वेग काठावरचा. खड्डा उथळ आणि पसरट करावा लागेल. बाजूंतूनही पाणी जातं हे खरं, पण मी ते राखीव म्हणून सोडून देतो.

शक्य असेल तर भोकाऐवजी खड्डा खोदूनच चाचणी करा, जिथे जिरवणार तिथेच आणि तळाच्या पातळीवरच. ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटची डायजेस्ट ३६५ ही पद्धत मला आवडते. खड्डा तीनदा भरायचा, पाणी तीन चतुर्थांशावरून एक चतुर्थांशावर यायला लागलेला वेळ मोजायचा आणि त्यातला सर्वांत जास्त वेळ धरायचा. कोरडी जमीन पहिल्यांदा घटाघटा पाणी पिते, तिसऱ्या वेळेला खरं सांगते. भूजलाची पातळी पावसाळ्याच्या शेवटी बघा, उन्हाळ्यात नव्हे. खड्ड्याचा तळ सर्वोच्च पातळीच्या किमान मीटरभर वर हवा. पायापासून अंतर निदान पाच मीटर, फुगणारी माती किंवा उतार असेल तर जास्त. भरावाच्या जमिनीत, राखणभिंतीच्या मागे आणि चुनखडकावर मी जिरवतच नाही. चुनखडकात पाणी पोकळ्या वाढवतं, आणि तिथे शोषखड्डा म्हणजे खळगा पडण्याचं आमंत्रण.

घट्टपणा इथे शत्रू आहे. चरात जो रॅमर हवा तोच इथे नको. जिरवण्याच्या जागेवरून डंपर किंवा रोलर गेला की तळाचा वेग बराच घटतो. जेसीबीच्या बकेटने चिकणट माती कापली की पृष्ठभाग लिंपल्यासारखा गुळगुळीत होतो आणि पाणी अडतं. तो दाताळ्याने खरवडून मोकळा करा. पाणी आत येण्याआधी गाळ पकडणारं चेंबर ठेवा आणि ते साफ करण्याची जबाबदारी कुणाची हे लिहून ठेवा. हा खड्डा कामात सगळ्यात शेवटी करा. बांधकाम चालू असताना उघडा ठेवलेला शोषखड्डा उद्घाटनाआधीच सिमेंट आणि मातीच्या गाळाने मेलेला असतो.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. दीड मीटरहून खोल चरात आधार दिल्याशिवाय माणूस उतरवू नका. घनमीटरभर माती पावणेदोन टनांच्या आसपास भरते आणि पडताना इशारा देत नाही. पाऊस पडून गेल्यावर भिंती पुन्हा तपासा. अस्तित्वातल्या पायाशेजारून चर जात असेल तर पायाच्या कडेपासून ४५ अंशांत खाली जाणाऱ्या रेषेखाली सल्लागाराला विचारल्याशिवाय खोदू नका.

आता अहवाल लिहिणाऱ्याला फोन करा आणि विचारा: ९५ टक्के कुठल्या प्रॉक्टरचे, आणि बागेखालीही का? जिरण्याचा वेग मोजलाय की मातीच्या वर्णनावरून अंदाज बांधलाय? अडथळे नेमके कुठे? तिसऱ्याचं उत्तर बहुधा "इमारतींच्या कडेला" असं मोघम येईल. त्याआधी नकाशाची एक प्रत घ्या, सगळे चर निळ्या पेन्सिलने आणि जिरवण्याच्या जागा लाल पेन्सिलने काढा. निळं लालला छेदतं किंवा त्याच्या दहा मीटरच्या आत येतं तिथे गोल करा, आणि ती प्रत त्यांना पाठवून प्रत्येक गोलासमोर सही मागा.